शाळेचा शंभरावा दिवस

गुणवंतराव गुरुजींनी माझ्या दुकानातल्या माऊसला पाच वर्षांत फक्त एकदा हात लावला. एरवी ते माझ्या शेजारी स्टुलावर बसत, छत्री मांडीवर आडवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अन् म्हणत, तुम्ही दाबा इंदुताई, मी वाचतो. मी म्हणायची, गुरुजी, तो काही चावत नाही. ते हसायचे अन् हात आणखीच मागे घ्यायचे.

दोन हजार दोन सालची गोष्ट. कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर माझं एसटीडीचं दुकान होतं. काचेची एक खोली, त्यात फोन, बाहेर दोन स्टुलं अन् झेरॉक्सचं मशीन. त्या वर्षी माझ्या दिराने नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणि छपाईचं मशीन आणून दिलं. आठ दिवस राहून कुठे काय दाबायचं ते शिकवलं, अन् बाहेरच्या पाटीवर 'इंटरनेट' असं रंगवून गेला. पाटी वाचून पहिल्या महिन्यात तीन जण आले. त्यातले दोघे ही काय चीज आहे ते विचारायला आले होते. तिसरे गुरुजी, शनिवारची सकाळची शाळा आटोपून आलेले.

लाईन एकच होती, हे आधी सांगायला पाहिजे. त्याच तारेवर फोन अन् त्याच तारेवर इंटरनेट. गुरुजींचं पान अर्धं उतरलेलं असायचं अन् तेवढ्यात कोणाला तरी पुण्याला फोन लावायचा असायचा. बायनाबाई नावाची एक म्हातारी दर शनिवारी यायची, तिचा मुलगा पिंपरीला कंपनीत होता. ती दारातूनच ओरडायची, मास्तर, तुमची शाळा सुटली का नाई, मले पोराशी बोलाचं हाये. मी लाईन तोडायची, गुरुजी चष्मा पुसत बसायचे, अन् बायनाबाई पोराला अर्धा तास धानाची कापणी सांगायची. मग पुन्हा ती कर्र कर्र, किणकिण, शिट्टी. आज कुठे तसा आवाज ऐकू येत नाही. मला त्याची इतकी आठवण येते की सांगायची सोय नाही, पोरं हसतात.

मी शिकलेली म्हणाल तर चौथीही पूर्ण नाही. गणित यायचं नाही, मास्तर हातावर पट्टी मारायचे, शेवटी एक दिवस मी दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. बापाने काही विचारलं नाही, घरी कामाला दोन हात वाढले. पुढे लग्न होऊन कुरखेड्याला आले, बाजारहाट करता करता आकडेमोड शिकले, पाट्या वाचता वाचता इंग्रजी अक्षरं ओळखायला लागले. पण 'हिच्या डोक्यात भुसा भरला आहे' हे मास्तरांचं बोलणं मी तीस वर्षं खरंच धरून चालले. जीभ माझी तिखट आहे ती तेव्हापासूनची. कोणी आपल्याला वेडं म्हणायच्या आत आपणच त्याला दोन शब्द ऐकवून मोकळं व्हायचं, अशी सवय लागली.

गुरुजी मूळचे भद्रावतीचे. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे सारं लहानपण कॉलनीत गेलेलं. नोकरी मात्र आमच्या जंगलात लागली. कुरखेड्यापासून अकरा किलोमीटरवर बोडीटोला नावाचं गाव, तिथली चौथीपर्यंतची शाळा, अन् त्या शाळेत ते अकरा वर्षं. पाऊस असो, चिखल असो, सोमवार ते शनिवार शाळा उघडी. फक्त एप्रिल संपला की शाळेला कुलूप लावायचे, भद्रावतीला जायचे अन् जूनच्या शेवटी पहिल्या गाडीने परत. हे लक्षात ठेवा.

गडचिरोलीला त्यांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथे कोण्या साहेबांनी सांगितलं की जगभरातले शिक्षक आपले पाठ, चित्रं, खेळ इंटरनेटवर ठेवतात, कोणीही घ्यावे, आपलेही ठेवावेत. फळ्यावर नऊ पत्तेही लिहून दिले. गुरुजींनी ते लांब वहीत देवनागरीत उतरवून आणले होते. त्यावरून इंग्रजी अक्षरं जुळवता जुळवता आमचे दोन शनिवार गेले. नऊपैकी दोन उघडले. एकावर नुसती सरकारी परिपत्रकं होती. दुसरं कुठल्या तरी परदेशातल्या शिक्षकांनी चालवलेलं होतं, रंगीत, अन् वरून खाली असं सावकाश उतरायचं की आधी आभाळ दिसायचं, मग झाडाचा शेंडा, अन् झाडाखाली काय आहे ते कळायच्या आत बायनाबाई.

मी एकदा त्यांना खवचटपणे विचारलंच की एवढं अकरा किलोमीटर सायकल मारत येता, ते काय शोधायला? तेव्हा त्यांनी रोशनीचं सांगितलं.

रोशनी तिसरीत होती. केवळराम अन् रंभा यांची थोरली. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे धरणं, थोडं धान, बाकी मजुरी, असं घर. पोरगी चुणचुणीत, कविता एकदा ऐकली की पाठ, पण तिला शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं. सगळ्या वर्गासोबत उजळणी म्हणताना म्हणायची, पण समोर वस्तू ठेवून एकटीला मोजायला सांगितलं की होत नव्हतं. गुरुजींनी दोन वर्षं जंग जंग पछाडलं. मागच्या एप्रिलमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला साऱ्या गावासमोर उभं केलं, अन् ती तिथेही फसली. केवळरामला ते फार लागलं. तो गुरुजींना म्हणाला की आणखी एक वर्ष पाहतो, तेवढ्यात शंभराची गिनती आली नाही तर पुढच्या जूनपासून पोरगी घरी राहील, धाकट्याला सांभाळेल.

गुरुजी म्हणाले, "तो बोलतो तसा करतो, इंदुताई. वाईट माणूस नाही, पण करतो."

मला खुंटीला टांगलेलं दप्तर आठवलं, एवढंच. पण त्या दिवसापासून मी बायनाबाईला दहा-दहा मिनिटं बाहेर बसवून ठेवायला लागले.

मग आम्ही शोधलं म्हणजे काय शोधलं. इंग्रजी गुरुजी वाचायचे, शब्द अडला की पिशवीतून शब्दकोश निघायचा, अन् बटणं मी दाबायची. शंभर घरांचा तक्ता मिळाला, तो छापला. सफरचंदं मोजायची चित्रं मिळाली. बोडीटोल्याच्या पोरांनी सफरचंद म्हणजे टमाटर समजून मोजलं, त्याने काही बिघडलं नाही. बर्फाचे बाहुले मिळाले, पण माझ्या मशीनमध्ये शाई काळीच होती, त्यामुळे पोरांनी विचारलं की गुरुजी, हे एकावर एक ठेवलेले मडके काऊन हासून राह्यले? गुरुजी दर शनिवारी येऊन हे सगळं सांगायचे अन् आम्ही दोघं हसायचो. हसून झालं की मी विचारायची, अन् रोशनी? ते मान हलवायचे. नाही.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या पाच महिन्यांत मी त्यांना एक साधी गोष्ट विचारली नाही. पोरगी नेमकी कुठे अडते? त्यांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी शंभर येत नाही म्हणजे येत नाही. आम्ही साऱ्या जगाला विचारत होतो, एकमेकांना सोडून.

दिवाळीच्या आधी त्या परदेशी पानावर एक नवीन गंमत सापडली. त्यांच्याकडे म्हणे शाळा सुरू झाल्यापासूनचा शंभरावा दिवस साजरा करतात. प्रत्येक पोराने घरून कसल्या ना कसल्या शंभर वस्तू आणायच्या, बटणं, बिस्किटं, काहीही, अन् सर्वांसमोर मोजून दाखवायच्या. ते पान वाचायला तीन शनिवार लागले, एकदा वीज गेली अन् दोनदा बायनाबाई. पण गुरुजींच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, हेच पाहिजे होतं. आपली वस्तू असेल, स्वतःच्या हाताने आणलेली असेल, तर येईल तिला. त्यांनी वहीत कामाचे दिवस मोजले. सव्वीस जूनपासून धरून शंभरावा दिवस नोव्हेंबरअखेरीस, नेमका शनिवारी येत होता. पालकांनाही बोलवायचं ठरलं, केवळरामला खास. अन् प्रमुख पाहुणी म्हणून कोण, तर मी. मी म्हटलं, मले काऊन? गुरुजी म्हणाले, अर्धा कार्यक्रम तुमच्या दुकानातून निघाला आहे, येणार नाही तर कसं चालेल.

त्या शनिवारी मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. ठेवणीतलं लुगडं नेसले. माझे मालक, भैयाजी, त्यांची काळीपिवळी जीप चालायची, त्यांनी मला सकाळी सातलाच बोडीटोल्याला सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाचे कडपे पसरले होते अन् गारव्यात त्याचा वास भरला होता. शाळेसमोर मोठा पळस, त्याखाली सडा टाकलेला, अन् हाताची एकच खुर्ची होती ती माझ्यासाठी. मी त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसले. दप्तर टांगल्यापासून शाळेच्या अंगणात मी पुन्हा कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

कापणी टाकून वीसेक पालक आले होते. केवळराम एका बाजूला उकिडवा बसलेला, खांद्यावर दुपट्टा. रंभा बायांमध्ये, मांडीवर धाकटा. पोरांनी काय काय आणलं होतं! प्रणितने चिंचोके, दिव्यानीने बोडीतले शंख, कोणी मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, कोणी बांबूच्या काड्या. कोलू नावाचा एक बुटका लाखोळीचे दाणे घेऊन आला होता. साठच्या पुढे गेल्यावर तो असा शिंकला की अर्धे दाणे कोंबड्यांनी मोजले. लोक पोट धरून हसत होते. मोजून झालेल्या प्रत्येक पोराच्या छातीला गुरुजी कागदाचा बिल्ला लावायचे. तो बिल्ला मीच छापला होता, त्या परदेशी पानावरून.

मग रोशनी उठली.

सावळी, बारीक, दोन वेण्या, वेण्यांना लाल फिती. तिने पळसाची पानं आणली होती, चांगला मोठा ढीग. खाली मांडी घालून बसली अन् मोजायला लागली. काय हात चालत होता त्या पोरीचा! पाच-पाच पानं उचलायची, झटकायची, सारखी करून डाव्या हातात दाबायची. ओठ हलत होते, आवाज नाही. गुरुजी उभ्या जागी पुढे वाकले होते. पोरीने अर्धी पानं उताणी लावली, अर्धी पालथी, गठ्ठा मांडीवर ठोकून सरळ केला, कमरेला खोसलेला वाक, म्हणजे सालीची दोरी, काढून दोन वेढे दिले अन् गाठ मारली. पुडा बाजूला ठेवला. अन् ढिगातून पुढची पानं उचलत मोठ्याने म्हणाली, "एक."

कोणीतरी मागून फिदीफिदी हसलं. गुरुजींनी डोळे मिटले. ते हळूच म्हणाले, सत्तर झाले रोशनी, सत्तरच्या पुढे काय? पोरगी त्यांच्याकडे पाहत राहिली, काय विचारतात ते न कळल्यासारखी, अन् मग तिची मान खाली गेली.

केवळराम उठला. दुपट्टा झटकला. पोरीच्या दंडाला धरून म्हणाला, "झालं गुरुजी. पाहून घेतलं. जूनची वाट काऊन पाहाची आता?"

अन् मी माझ्या मांडीकडे पाहिलं. माझ्या डाव्या हाताची मूठ पानं धरल्यासारखी वळली होती, अन् उजवा हात कमरेशी गेला होता. वाक शोधायला. मी त्या पोरीसोबत मनातल्या मनात मोजत होते अन् तिच्यासोबतच सत्तरला थांबले होते.

तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, पुडा सत्तरचा असतो. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. मे महिन्यात पहाटे सारं घर जंगलात जातं, दुपारी पडवीत बसून पुडे बांधतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाच्या खरेदीच्या जागी, नेऊन देतं. चार वर्षांचं लेकरूही आजीच्या मांडीला टेकून पानं लावतं. सत्तर झाले की गाठ, अन् पुन्हा एक. मीही तसंच शिकले होते. अन् माझे मास्तर चिंचोके समोर टाकून म्हणायचे मोज, मी सत्तर मोजायची, ढीग बाजूला सारायची अन् पुन्हा एकपासून धरायची, अन् सप्पकन पट्टी बसायची. का बसते ते मला कधी कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल. मेमध्ये सगळे मास्तर सुट्टीवर आपापल्या गावी जातात. आमच्या गुरुजींनी अकरा वर्षं या गावात काढली, पण तेंदूचा एक दिवस पाहिला नव्हता.

हे सगळं मी आता सावकाश सांगते आहे. तेव्हा एका क्षणात झालं. मला रडू आलं अन् राग आला, दोन्ही एकदमच, अन् मी खुर्चीवरून उठले.

"थांबा केवळरामभाऊ," मी म्हटलं. "पोरीले मंग न्या. पहिले तुम्ही शंभर पानं मोजून दाखवा."

त्याला ते आवडलं नाही. पाहुणी बाई, त्यात शहरातली, अन् चारचौघांत असं बोलते. पण मी हटणाऱ्यातली नाही. मी ढिगातली पानं उचलून त्याच्या हातात दिली अन् ठेवणीतल्या लुगड्यानिशी मातीत बसकण मारली. लोक पाहत होते, म्हणून त्यालाही बसावं लागलं. त्याने पानं घेतली. पाच, पाच, पाच. हात चालायला लागला तसा राग कुठल्या कुठे गेला, बोटं आपलं काम करायला लागली. अर्धी उताणी, अर्धी पालथी. मांडीवर ठोकली. अन् मान वर न करता त्याने पोरीकडे हात पसरला, वाक दे म्हणून.

रोशनीने वाक दिला. केवळरामने गाठ मारली. अन् मग त्याचा हात गाठीवरच थांबला.

मागून रंभाचा आवाज आला, हसत होती का रडत होती कोण जाणे. ती म्हणाली, "तुमचंबी तेच हाये मंग."

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना मी सांगितलं, पुडा सत्तरचा असतो गुरुजी, पोरगी अडत नव्हती, पोरीचं काम पूर्ण होत होतं. त्यांनी दोन्ही पुडे उचलले, उलटे करून पाहिले, एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. अकरा वर्षं, एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

मी रोशनीला जवळ बसवलं. तिचा पुडा सोडला, वाक माझ्याजवळ ठेवून घेतला अन् म्हटलं, आज गाठ मारायची नाही, सत्तरच्या पुढे पानं लावत जायची. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी आहे.

"पुडा जाड होईल मंग," ती म्हणाली. "फळीवर घेत नाई जाड पुडा."

"हा फळीवर न्याचा नाई बाई," मी म्हटलं. "हा शाळेत ठेवाचा हाये."

तिने थोडा विचार केला. पटलं असावं. गठ्ठा डाव्या हातात धरला अन् पाच पानं उचलली. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. उजळणीत दोन वर्षं म्हटलेले सगळे आकडे तिच्याजवळ होतेच, फक्त त्यांना पानं मिळाली नव्हती. नव्वदच्या पुढे गठ्ठा मुठीत मावेना, तेव्हा केवळरामने हात पुढे करून एका बाजूने धरला. शंभर तिने मोठ्याने म्हटलं. टाळ्या वाजल्या. अन् लगेच तिने माझ्याकडे वळून सांगितलं, एक पुडा अन् तीस पानं. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

केवळराम जायला निघाला. पोरीचा बिल्ला उलटा लागला होता, तो त्याने सरळ केला.

त्या वर्षी एप्रिल संपला तरी गुरुजी भद्रावतीला गेले नाहीत. मे महिना बोडीटोल्यात राहिले, पहाटे लोकांसोबत जंगलात गेले, अन् हात काळे करून, पायात काटे भरून घेऊन माझ्या दुकानात येऊन सांगायचे की त्यांचे पुडे फळीवर कोणी घेत नाही, कधी अडुसष्ट भरतात, कधी त्र्याहत्तर. रोशनी त्यांचे पुडे तपासायची म्हणे. जूनच्या सव्वीस तारखेला त्यांचा मला शाळा सुटल्यावर खास निरोप आला, दूधवाल्याच्या हाती, कागदावर दोन शब्द. रोशनी आली.

ती पुढे बारावीपर्यंत शिकली. आता वडशाला असते, तिची पोरगी शाळेत जाते अन् घरी मोबाईलवर पाठ पाहते. मागे दुकानात येऊन मला तिने ते दाखवलं, चित्रं हलतात, गाणी वाजतात, सगळं झटकन उतरतं. चांगलं आहे. मला आपली ती वरून खाली सावकाश उतरणारी पानं आठवतात, अन् स्टुलावर छत्री मांडीवर घेऊन बसलेले गुरुजी. दोन हजार सात साली त्यांची बदली राजुऱ्याला झाली. जाताना शब्दकोश माझ्याजवळ ठेवून गेले. तो आहे. एक छापलेला कागदही आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्या परदेशी शिक्षकांचं पान कधीचंच बंद पडलं, कागद तेवढा राहिला. तो छापला त्या दिवसाचं सांगते अन् थांबते.

रोशनी परत शाळेत आली त्याच वर्षीच्या जुलैची गोष्ट. गुरुजी लांब वहीत एक पाठ लिहून घेऊन आले होते, इंग्रजीत, दोन रविवार खपून. आमच्याकडची पोरं पानं कशी मोजतात, सत्तरला का थांबतात, पुडा न बांधता शंभरावर कसं जायचं, सत्तरचा पाढा पानांवर कसा शिकवायचा, सगळं त्यात होतं. गडचिरोलीच्या त्या साहेबांनी म्हटलं होतं ना, आपलेही ठेवावेत. मी एकेक अक्षर शोधून ते टाकलं, दोन तास लागले. शेवटी एक रकाना आला. गुरुजींनी वाचून सांगितलं, पाठ घेणाऱ्या शिक्षकाचं नाव.

मी त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर शोधायला लागले. ते म्हणाले, माझं नको, तुमचं टाका.

मी हसले. मग पाहिलं की ते हसत नाहीत. मी म्हटलं, "गुरुजी, मी चौथी नापास बाई हावो. मले काऊन फसवता?"

"पाठ कोणी घेतला त्या दिवशी?" ते म्हणाले. "मी उभा होतो. तुम्ही मातीत बसल्या होत्या."

ते अक्षरं सांगत गेले अन् मी सवयीने दाबत गेले. माझं नाव तिथे उमटलं. त्याच्या आधी लिहिलं होतं, शिक्षक. मी ते पाहिलं अन् मला पट्टी आठवली, खुंटी आठवली, अन् माझा हात ते पुसायला निघाला. तेव्हा गुरुजींनी छत्री खाली ठेवली, माझा हात बाजूला सारला अन् माऊस धरला. पाच वर्षांत तेवढाच एकदा. तो बाण साऱ्या पडद्यावर भिरभिरला, घड्याळावर गेला, कोपऱ्यात अडकला, परत आला. शेवटी त्यांनी एक डोळा मिटून नेम धरला अन् बटण दाबलं. पाठ गेला.

आता तिकडून पोचल्याचं पान यायचं होतं. वरून खाली, पट्टी पट्टीने. आधी निळा रंग आला, मग मथळा. दारात बायनाबाई उभी, काठी आपटत होती. शाळा सुटली का नाई, लाईन सोड बाई, पोरगा वाट पाहत असेल.

पडद्यावर तिसरी पट्टी उतरत होती. मी मागे न वळता म्हटलं, "थांबा जराशा, मावशी. माझं नाव येऊन राह्यलं."